न घेतलेली गोळी

१

"ज्या माणसाने जन्मात कोलेस्टेरॉलची एक गोळी गिळली नाही, तो त्याच गोळीने मरायला टेकलाय, असं डॉक्टर म्हणतात. मावशी, हे कसं शक्य आहे?"

कैलास भोईर हॉस्पिटलच्या जिन्यातच मला गाठून हे विचारत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला उत्तर कुठून येणार? मी चांगुणा साळवे, पोलिसात सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेली बाई. बदलापुरात मांजर्लीला भोईरांच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. उल्हास नदी घरात शिरली त्या वर्षी कैलासच्या बापाने, कोंडाजीदादांनी, माझा फ्रिज एकट्याने पाठीवर घेऊन दुसऱ्या मजल्यावर नेला होता. मूळचा चामटोलीचा गडी, तरुणपणी कबड्डीत पंचक्रोशी गाजवलेला. असा माणूस आता आत डायलिसिसच्या मशीनला जोडलेला होता.

डॉक्टर विनीत वयाने लहान, पण समजावून सांगणारे निघाले. "यांच्या अंगातले स्नायू विरघळतायत," ते म्हणाले. "त्याचा गाळ किडनीत अडकलाय. लघवी कोऱ्या चहासारखी काळी झाली ती त्यामुळे. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी असं क्वचित होतं. डोस भरमसाट गेला तर शक्यता खूप वाढते. त्यात हे परवा उन्हात शेताचा बांध घालायला गेले, पाणी प्यायले नाहीत."

"पण बाबांनी गोळी घेतलीच नाही," कैलास म्हणाला. "पाकीट अजून कपाटात तसंच आहे."

"मग हे कसं झालं सांगा," डॉक्टरांनी दोन रिपोर्ट समोर धरले. "उन्हाळ्याआधी यांचं ट्रायग्लिसराइड आभाळाला भिडलं होतं, म्हणून तर मी गोळी लिहून दिली. आज ते जमिनीवर आलंय. कोलेस्टेरॉलही. पथ्य नाही, गोळी नाही, आणि चरबी उतरली? आपोआप असं होत नाही. औषध यांच्या पोटात गेलंय, आणि बेसुमार गेलंय. यांनी घेतलं नसेल तर कोणीतरी दिलंय."

तिथे उभी असलेली कैलासची मोठी बहीण किर्ती एकदम ओरडली, "मला माहितीये कोणी दिलंय!"

किर्ती लग्न होऊन अंबरनाथला दिलेली, तिखट जिभेची. तिने सरळ कॉरिडॉरच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे एका बाकावर तिची भावजय, कैलासची बायको माधवी, एकटी बसली होती.

"गेल्या आठवड्यात माहेरी आले तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं. बाबांच्या आंबिलात ही पांढरी पूड ढवळत होती. विचारलं तर म्हणे मीठ! मेडिकलमध्ये कामाला आहे ना, गोळ्यांना काय तोटा? ती गोळी कडूजहर, म्हणून मुद्दाम आंबट आंबिलात घातली. बाबा चामटोलीची जमीन विकत नाहीत आणि हिला मोठा फ्लॅट पाहिजे. मी आज घरून कागद आणते आणि उद्या सकाळी पोलिसांत कंप्लेंट देते."

कोंडाजीदादांची बायको राजाबाई भिंतीला टेकून पदरात तोंड घालून बसली होती. ती काही बोलली नाही. कैलासही बोलला नाही, आणि त्याचंच मला नवल वाटलं. मी त्याला म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत थांबा. मला जरा बोलू द्या सगळ्यांशी." मग मी माधवीच्या बाकावर जाऊन बसले.

"चांगुणामावशी," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "पूड मीच घातली."

२

चौकशीत पहिल्याच वाक्याला कबुली मिळाली की मला घाम फुटतो. सोप्या गोष्टींवर माझा विश्वास नाही.

"किती घातलीस?"

"एक. रोज एकच. डॉक्टरांनी लिहिली होती तेवढीच. कैलासने डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता ना, बाबांना समजवा म्हणून. सगळ्यांनी अंगठे दिले आणि झालं. बाबा म्हणाले, कबड्डी खेळलेला माणूस गोली खात नाय. पाकीट कपाटात टाकलं आणि वजडीवर ताव मारला. मावशी, आमच्या दुकानात रोज बायका येतात. नवरा गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत घेता का विचारतात. मला ते बघवत नाही. मग मी तोच फोटो दाखवून वेगळं पाकीट घेतलं आणि दोन चमच्यांमध्ये चुरून आंबिलात घालायला लागले."

"कैलासला का नाही सांगितलंस?"

"बाबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी माझ्या हातचं खाणं सोडलं असतं. आणि काही बरंवाईट झालं असतं तर लोकांनी सुनेलाच धरलं असतं." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "तरी धरलंच."

माधवीचं मेडिकल उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये. मी रिक्षाने थेट तिथे गेले. मालक हितेश हा सिंधी माणूस. गल्ल्यावरून उठला आणि माझ्यासाठी थंडा मागवू लागला. मी थंडा राहू दे म्हटलं आणि काम सांगितलं. तो मटकन खाली बसला.

"क्या बात करता मॅडम! माधवी? सासऱ्याला?" त्याने कानाला हात लावले. "ती स्वतःला क्रोसिन लागली तरी मला दाखवून घेते. सासऱ्याची गोली मी स्वतः देतो तिला. गोलीचा जुना पत्ता संपला, रिकामा दाखवला, तो नवा. एक्स्ट्रा कभी नहीं. मैं बोला भी, चार पत्ते एकसाथ ले जा, डिस्काउंट देतो. तर म्हणते नको, घरात सापडेल कोणाला."

मी तिथूनच विनीत डॉक्टरांना फोन लावला. रोज एकाच गोळीने हे होईल का?

"औषध आहे, कधी काय होईल सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण यांची हालत बघता मला पटत नाही. मी लिहिली तेवढीच गेली असती तर ते आज घरी असते."

म्हणजे एकतर हितेश आणि माधवी मिळून मला बनवत होते, नाहीतर भोईरांच्या घरात आणखी कोणाचा तरी हात होता. हितेशला त्यात काय मिळणार होतं, हे मला काही सुचेना. मी कैलासकडून घराची चावी घेतली आणि मांजर्लीला गेले.

कपाटातलं पाकीट खरोखरच कोरं होतं, एकही गोळी फोडलेली नव्हती. मी स्वयंपाकघरात शिरले. या घरात चटणीपासून पुरणापर्यंत सगळं मिक्सरवर होतं, मला माहीत आहे, त्या मिक्सरची घरघर रोज सकाळी माझ्या छताला येते. आणि ओट्याच्या कोपऱ्यात, धुऊन पालथा घातलेला, छोटा पितळी खलबत्ता होता.

माधवी तर दोन चमचे वापरत होती. मी खलबत्ता उचलून तळाच्या खाचेत राहिलेल्या पुडीवर बोट फिरवलं आणि जिभेवर टेकवलं. तोंड कडू झालं.

३

खलबत्ता कोणाचा हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. तो राजाबाईच्या माहेरचा आहे, त्याला ती कोणाला हात लावू देत नाही.

खिडकीतून समोरच्या कुंपणाची भिंत दिसत होती. तिच्यावर निळ्या अक्षरांत रंगवलेली जाहिरात होती, अशा जाहिराती कल्याणपासून कर्जतपर्यंत कुठेही दिसतात: पिणाऱ्याला कळू न देता दारू सोडवा. खाली फोन नंबर. ती वाचता वाचता मला आठवलं की कोंडाजीदादा एकेकाळी चांगले पिणारे होते. आणि एके वर्षी त्यांची दारू अचानक सुटली, तेव्हा राजाबाईने इमारतभर पेढे वाटले होते. कशी सुटली विचारलं की नुसती गालात हसायची.

मी हॉस्पिटलला परत आले आणि राजाबाईला कँटीनमध्ये नेलं. चहा समोर ठेवला.

"राजाबाई, दारू सोडवायची पुडी तुम्ही यांना कशात घालायचात?"

ती दचकली. मग डोळ्यांत जरा तेज आलं. "चायमध. जाम कडू पुडी व्हती, बाय. पन यांना काय कललाच नाय. सुटली का नाय दारू?"

"आणि आता कोलेस्टेरॉलची गोळी?"

तिच्या हातातली बशी टेबलावर आदळली. चहा सगळा सांडला.

"सुकटीचे चटणीत," ती पुटपुटली. "मिरची न लसूण जास्ती घातला का कडू कलत नाय. कैलासनी फोटू टाकलेला ना फोनमध, तो शेजारच्या मोतीबाईला दाखवला, तिनी आनून दिली गोली. दुपारी एक घालायची मी. एकच, बाय, देवाशपथ! मना वाटला, जशी दारू सुटली तशी चरबी पन सुटंल." मग तिला एकदम उमगलं. ती छाती बडवायला लागली. "म्हंजे मीच मारला का गो यांना? मीच?"

मी तिचे हात घट्ट धरले. मलाही गलबलून आलं होतं, खोटं कशाला बोलू. एकाच ओट्यावर सासू आणि सून, दोघी एकाच माणसाला एकच गोळी एकमेकींपासून लपवून भरवत होत्या.

"सुनेला का नाही सांगितलंत?"

"पुडीवाल्याचा नेम हाय. कोनाला सांगितला का गुण जातो." ती हुंदके देत म्हणाली. "न मग डॉक्टर बोलला तवा माजी जीभच लुली पडली. किर्ती सुनेवर आली, मी गप बसलू. मना भ्या वाटला, बाय."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. "दुप्पट डोस," ते म्हणाले. "वाईटच. तरीसुद्धा साळवेबाई, अजून कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटतं."

मलाही तसंच वाटत होतं. सकाळपासून एक गोष्ट माझ्या डोक्यात टोचत होती, ती आता नीट पकडता आली. किर्ती कॉरिडॉरमध्ये ओरडली तेव्हा म्हणाली होती, ती गोळी कडूजहर. गोळीवर गुळगुळीत वेष्टन असतं. अख्खी गिळणाऱ्याला तिची चव कळतच नाही. ती फोडून चाखणाऱ्यालाच कळते, जशी मला खलबत्त्यात कळली.

आणि किर्ती तर म्हणत होती की तिने फक्त डोळ्यांनी बघितलं.

४

किर्तीचं घर अंबरनाथला, शिवमंदिराच्या रस्त्याला. मी पोचले तेव्हा ती कपाट उपसून आधार कार्ड आणि जमिनीचे कागद पिशवीत भरत होती.

"बरं झालं मावशी आलात. कंप्लेंट कशी लिहायची सांगा. कलम कुठलं लागतं?"

"सांगते. आधी पाणी दे."

ती पाणी आणायला आत गेली, तशी मीही मागोमाग स्वयंपाकघरात गेले. फळीवर स्टीलचा मोठा डबा होता. झाकण उघडलं तर मेथीचे लाडू, डिंक घातलेले, वास सुरेख.

"बाबांना देतेस ना हे?"

"हो, दर आठवड्याला भरून पाठवते. संध्याकाळी चहाबरोबर एक खातात. माझ्या हातचेच लागतात त्यांना." बोलताना तिला जरा अभिमान वाटत होता, नंतर ती एकदम थांबली.

मी एक लाडू उचलून तिच्यापुढे धरला. "खा बघू."

"मला... मेथी आवडत नाही."

"तुला लहानपणापासून आवडते. मागच्या दिवाळीला माझ्याकडचे चार खाल्लेस. खा."

ती लाडवाकडे बघत राहिली. हातातला ग्लास कलंडून पाणी साडीवर सांडलं, तरी तिला कळलं नाही. मी हात तसाच पुढे धरला होता. किर्तीने लाडू घेतला नाही.

"मेथी मुळातच कडू," मीच म्हणाले. "तिच्यात दुसरा कडवटपणा खपून जातो. हुशार आहेस."

"मावशी, मी एका लाडवात एकच गोळी घालायची हो!" ती खाली फरशीवरच बसली. "आईने बाबांची दारू पुडीने सोडवली ते मला माहीत होतं. सुटल्यावर आईनेच मला सांगितलं. मला वाटलं, मी पण करून बघते. बाबा बरे झाले की मग सांगणार होते, तुमच्या लेकीने वाचवलं तुम्हाला."

"आणि माधवीला पूड घालताना बघितलंस तेव्हा? तेव्हा नाही वाटलं की तीही तेच करत असेल?"

किर्तीने साडीवर सांडलेलं पाणी हाताने झटकलं.

"नाही वाटलं," ती म्हणाली. "तिच्याबद्दल मला चांगलं काही सुचलंच नाही."

५

संध्याकाळी सगळे अतिदक्षता विभागाच्या बाहेर जमले. मी जे घडलं ते सरळ मांडलं. एका चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर पडला, तो प्रत्येकीने आपापल्या मार्गाने दुकानापर्यंत नेला. सकाळी सुनेचं आंबील, दुपारी बायकोची चटणी, संध्याकाळी लेकीचा लाडू. तिघींनी डॉक्टरांनी सांगितलेलाच डोस दिला. तिघींनी तो एकमेकींपासून लपवला, सुनेने भीतीपोटी, मायलेकींनी औषध लपवून दिलं तरच गुण येतो या समजुतीपोटी, आणि दारू सुटली हा तिचा पुरावा होता. खुनी कोणी नाही. पण माणूस मात्र मरता मरता राहिलाय.

कैलासने कपाळावर हात मारला. राजाबाई आणि किर्ती एकमेकींकडे बघतच राहिल्या. लेकीने बापाला आणि बायकोने नवऱ्याला काय केलं होतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. डॉक्टर विनीत मान हलवत म्हणाले, "तिप्पट! तरी म्हटलं. आता औषध बंद, किडनी हळूहळू सावरेल असं दिसतंय. ते शुद्धीवर आलेत. दोन मिनिटं भेटा, जास्त बोलू नका."

कोंडाजीदादांचा चेहरा सुजला होता, पण डोळे जागे होते. मी वाकून अगदी थोडक्यात त्यांना सांगितलं, कोणी कशात काय घातलं ते. ते छताकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी कोरड्या घशाने विचारलं,

"तिघींनी?"

"हो दादा."

"फौजदारीनबाय," ते म्हणाले, "चवथा पन हाय."

कैलासने पलंगाची कड धरली.

"माजे चंचीन बघ."

नर्सने त्यांच्या कपड्यांची पिशवी दिली. तिच्यात त्यांची पानाची चंची होती. मी ती सोडली. सुपारीच्या कप्प्यात गोळ्यांच्या पाकिटाचा कात्रीने कापलेला तुकडा होता, त्याच गोळ्या, अर्ध्या संपलेल्या.

"रामभाऊ आमचा, कबड्डीतला," ते थांबत थांबत बोलले. "चामटोलीन पारावर बसल्या बसल्या गेला. जाडा पन नव्हता. मना भ्या वाटला. मग मीच गुपचूप आनल्या, अंबरनाथवरना. रोज झोपताना एक. पन घरान एवढा बोललू व्हतो, कबड्डी न काय न काय. सांगू कसा? लाज वाटली."

तीन माणसं हुडकली म्हणून मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते, आणि चौथा माझ्यासमोर पलंगावर होता. ज्याच्यापासून सगळे लपवत होते, तोही सगळ्यांपासून तेच लपवत होता.

"अवो, पन मंग चटणी कडू नाय लागली?" राजाबाई रडत विचारत होती. "दारूची पुडी घातली तवा पन तुमाला कलला नाय..."

"कलला नाय?" म्हातारा थकूनही हसला. "तो चाय मी रोज मोरीत वतायचो. तोंडान धरवत नव्हता."

"मंग दारू कशी सुटली?"

"सोडली. किर्तीचा लगीन ठरलेला. मांडवान पिऊन उभा राहू काय?" त्यांनी लेकीकडे बघितलं. "तू पेढे वाटलंस, मी गप बसलू. तुजा मन मोडायचा नव्हता."

माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट नाचत होती. ज्या पुडीवर विश्वास ठेवून मायलेकींनी हा उद्योग केला, ती पुडी कधी कोणाच्या पोटात गेलीच नव्हती.

"आणि आंबील?" मी विचारलं. "तेही कडू लागलं असेल की."

"लागायचा." त्यांची नजर दारापाशी गेली. माधवी तिथेच थांबली होती, आत आली नव्हती. "पन पोरगी कामाला जायच्या आधी उठून करते. वतवला नाय."

माधवीने मान फिरवली. तिचे खांदे हलत होते, पण ती आवाज न करता रडत होती. नर्सने आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर येताच किर्तीने पिशवीतले कागद पर्समध्ये कोंबले आणि माधवीचा हात धरला. "वहिनी, झालं गेलं विसर गं. मी कंप्लेंट नाही देत. आपलं सगळ्यांचंच चुकलं."

माधवीने हात सोडवून घेतला. ती चिडलेली नव्हती, दमलेली होती.

"ताई, तुम्ही लाडवात घातली. आईंनी चटणीत घातली. मी आंबिलात घातली. पोलिसांत मात्र तुम्ही माझ्या एकटीचंच नाव देणार होतात."

राजाबाई खाली बघायला लागली. माधवीने खांद्यावर पर्स घेतली आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आणि तू रे? मी सकाळपासून त्या बाकावर बसले होते. चांगुणामावशी येऊन बसल्या, एक अनोळखी पेशंटची बाई बसली, तिने मला बिस्कीट दिलं. तू दिवसभरात एकदाही आला नाहीस. विचारलंसुद्धा नाहीस, की माधवी, तू केलंस का?"

कैलास काहीतरी बोलायला गेला. तिने वाट बघितली. तो बोलला नाही, आणि मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. मग माधवी जिना उतरून गेली. तिचं माहेर उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये.

"जा ना मागे," मी ओरडले, तेव्हा कुठे तो धावला.

थोड्या वेळाने तो वर आला. एकटाच आला आणि तिच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला.